ग्रामीण महाविद्यालयातून उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी अर्ज करायचा असल्यास सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : कोयनाकाठ

सर्वांना नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. वनस्पतिशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. गणपतीला घरी आले तेव्हा मामेबहिणीची भेट झाली. ती पुण्यात शिकते आणि गेल्या उन्हाळ्यात तिने एका राष्ट्रीय संस्थेच्या प्रयोगशाळेत दोन महिने काम केले. पदवीच्या विद्यार्थ्यांनाही अशा ठिकाणी घेतात, काही ठिकाणी राहण्याची सोय होते आणि वर विद्यावेतनही मिळते, हे मला तिच्याकडूनच पहिल्यांदा कळले. आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर असे काही लागलेले मी आजवर पाहिलेले नाही. त्याचा दोष मी कोणाला देत नाही, कारण आमच्या विभागात कायम शिक्षक दोनच आहेत, बाकीचे तास तासिका तत्त्वावरील शिक्षक घेतात आणि अभ्यासक्रम वेळेत पुरा करण्यातच सर्वांचे वर्ष जाते.

माझी मुख्य अडचण अशी आहे की अर्जात लिहावे असे माझ्याजवळ काहीच नाही. पहिल्या वर्षाला ८.१ सीजीपीए आहे, परंतु प्रयोगशाळेचा अनुभव म्हणजे खोडाचे छेद घेणे, ते सॅफ्रनिनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि वनस्पती दाबून, वाळवून हर्बेरियमचे कागद तयार करणे, एवढाच. मोठ्या शहरातील मुलांनी जी उपकरणे हाताळलेली असतात ती मी चित्रात पाहिली आहेत. इंग्रजी वाचलेले समजते, लिहिताना मात्र अडखळायला होते. वडिलांची शेती आणि दुधाचा जोडधंदा आहे, त्यामुळे दोन महिने पुण्यात किंवा बंगळूरला स्वतःच्या खर्चाने राहणे शक्य होणार नाही.

याच सुमारास आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आला आहे. २,९९९ रुपये भरल्यास घरबसल्या एक महिन्याची इंटर्नशिप आणि प्रमाणपत्र मिळेल, असे त्यात म्हटले आहे आणि वर्गातील चौघींनी पैसे भरलेही आहेत. ते घ्यावे का? तिसऱ्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण, सक्तीचे आहे, त्यासाठी ते चालेल का? वसतिगृहातील माझी खोलीसोबती बी.ए.ला इतिहास घेऊन शिकते. तिच्यासाठी अशा काही संधी असतात का, हेही कोणी सांगितल्यास आम्ही दोघी आभारी राहू.


उत्तर : तरवड

तुमचा प्रश्न वाचताना मला माझेच दुसरे वर्ष आठवले. मी जत तालुक्यातील. सध्या पुण्यात वनस्पतींच्या परिसंस्थेवर पीएच.डी. करते.

आधी जागा सांगते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांत मोठे दार म्हणजे बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिन्ही संस्था मिळून देतात ती उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. निवड झालेल्या विद्यार्थ्याला देशातील एखाद्या शास्त्रज्ञाकडे साधारण दोन महिने काम करता येते. बंगळूरजवळच्या जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राचीही अशीच स्वतंत्र योजना आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथे २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) नावाचा उपक्रम चालतो. त्यात आधी शिबिर होते आणि मग निवडक विद्यार्थी सुट्ट्यांमध्ये तेथे येऊन प्रकल्प करतात. त्यासाठी पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतच अर्ज करावा लागतो, म्हणून तुम्ही स्वतः पाहाच, आणि तुमच्यामागून पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींनाही आजच सांगा. तुमच्या वर्गात कोणी गणिताचे असेल तर त्याला एमटीटीएसविषयी (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) सांगावे. १९९३ पासून चालू असलेले हे चार आठवड्यांचे उन्हाळी शिबिर आहे आणि गणित पाठ करण्याची सवय मोडण्यासाठी त्याइतके चांगले ठिकाण मला माहीत नाही.

वेळ सर्वांत महत्त्वाची. उन्हाळ्याच्या कामासाठी उन्हाळ्यात धावपळ करणाऱ्यांना काही मिळत नाही. बऱ्याच योजनांच्या जाहिराती पावसाळा सरल्यावर येऊ लागतात आणि काहींची मुदत थंडी संपण्यापूर्वीच उलटून गेलेली असते. त्यामुळे या महिन्यापासून दर आठवड्याला एकदा संबंधित संस्थांची संकेतस्थळे उघडून पाहायची सवय लावा आणि पात्रतेच्या अटी मूळ जाहिरातीतच वाचा. दुसऱ्याने सांगितलेल्या अटी बहुधा मागच्या वर्षीच्या असतात.

आता अर्जात काय लिहावे, याविषयी. पहिल्या वर्षी मी एकच पत्र ४३ शास्त्रज्ञांना पाठवले होते. मी मेहनती आहे, मला संशोधनाची आवड आहे, आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळावी, असे त्यात होते. दोघांचे उत्तर आले आणि दोन्ही नकार होते. नंतर मी स्वतः एका प्रयोगशाळेत बसू लागले तेव्हा पाहिले की अशी पत्रे रोज येतात, त्यांतील नाव सोडले तर एकही शब्द वेगळा नसतो आणि वाचणाऱ्याला त्या विद्यार्थ्याविषयी काहीही कळत नाही.

पुढच्या वर्षी मी जे पत्र लिहिले त्याचे मूळ आमच्या बांधावर होते. आमच्याकडे तरवड पुष्कळ. त्याच्या वाळलेल्या शेंगा फोडल्या की काही बियांना टाचणीच्या टोकाएवढे गोल भोक दिसते; आत वाढलेला भुंगेरा ते पाडून बाहेर पडलेला असतो. मी रस्त्याकडेच्या झुडपांच्या १०० आणि विहिरीजवळच्या झुडपांच्या १०० शेंगा फोडल्या आणि वहीत चार रकाने आखले : शेंगेचा क्रमांक, एकूण बिया, भोक पडलेल्या बिया, जागा. महिनाभर रोज संध्याकाळी आजी शेंगा निवडायला माझ्याजवळ बसत असे. विहिरीजवळच्या शेंगांत किडीचे प्रमाण जास्त निघाले. ते का, हे मला सांगता येत नव्हते आणि पत्रात मी तसेच लिहिले : मला हे दिसले, त्याचे कारण मला समजत नाही, आपण अशा कीटकांवर काम करता, तर कारण शोधायचे झाल्यास पुढे काय मोजावे लागेल? यावेळी पत्रे फक्त सहा होती, प्रत्येकाआधी त्या शास्त्रज्ञाचा एक तरी शोधनिबंध शब्दकोश घेऊन वाचला होता आणि सहांपैकी तिघांची उत्तरे आली. त्यांतील एकांकडे मी दोन महिने काम केले.

तेव्हा महागडी उपकरणे हाताळली नाहीत याची खंत मनातून काढून टाका. ती दोन आठवड्यांत शिकवता येतात. न कंटाळता मोजत राहणे आणि जे दिसले तेच लिहिणे हे मात्र कोणी कोणाला दोन महिन्यांत शिकवू शकत नाही, म्हणून निवड करणारा अर्जात आधी तेच शोधतो. इंग्रजीचे म्हणाल तर वाक्ये लहान ठेवा, शुद्धलेखन कोणाकडून तरी तपासून घ्या आणि संगणकाकडून आख्खे पत्र लिहवून घेऊ नका. ते लगेच ओळखू येते आणि मुलाखतीत त्याच वाक्यांवर प्रश्न विचारतात.


उत्तर : निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. शिक्षकाच्या बाजूने काही गोष्टी सांगतो.

शिफारसपत्राचा विचार तू आजच कर. अर्जाची मुदत उद्या संपते आहे आणि सरांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, असे म्हणत येणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही नाही म्हणत नाही. पण त्या दोन ओळी दोन ओळींच्याच किमतीच्या असतात. दिवाळीपूर्वी एखाद्या शिक्षकाकडे जाऊन, मला अमुक गोष्टीचे निरीक्षण करायचे आहे, दर पंधरा दिवसांनी वही दाखवली तर पाहाल का, एवढेच विचार. तासिका तत्त्वावरील शिक्षकांनाही विचारण्यास संकोच करू नकोस, कारण त्यांतील कित्येकांचे स्वतःचे संशोधन नुकतेच झालेले असते आणि त्याविषयी विचारणारा विद्यार्थी त्यांना क्वचितच भेटतो. जमल्यास तुझ्या शिक्षकांनाही सांग की अकादमींच्या त्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी शिक्षकही अर्ज करू शकतात. मी स्वतः वयाच्या ४६ व्या वर्षी गेलो होतो आणि परत आल्यानंतर माझे प्रात्यक्षिकांचे तास पूर्वीसारखे राहिले नाहीत.

राज्यातील विद्यापीठांची आविष्कार ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते. तिच्यात मानव्यविद्या, वाणिज्य, शुद्ध विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माण असे गट आहेत आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचा स्तर वेगळा असतो. बक्षीस मिळो वा न मिळो, परीक्षकासमोर आपल्या भित्तिपत्रकाशेजारी उभे राहून उत्तरे द्यावी लागतात, हा सराव पुढच्या प्रत्येक मुलाखतीत कामाला येतो. वर्गात कोणाला केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असेल तर त्याच्या हेही लक्षात आणून दे की वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये उन्हाळी प्रकल्पासाठीच राखलेले असतात. अनेक मुले हा प्रकल्प केवळ कागदोपत्री उरकतात, याचे मला फार वाईट वाटते.

आणखी एक गैरसमज पदोपदी दिसतो. २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि त्याच वर्षीची राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या शिक्षण संपवून कामाच्या शोधात असलेल्या तरुणांसाठी आहेत. पूर्णवेळ शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी नाहीत. दरमहा मिळणारी रक्कम पाहून मुले अर्ज भरतात आणि पडताळणीत बाद होतात. तुला त्यात वेळ घालवायचे कारण नाही. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी काय ग्राह्य धरायचे हे तुमच्या महाविद्यालयाची समिती ठरवते, त्यामुळे कोठेही पैसे किंवा शब्द देण्यापूर्वी समन्वयकांना लेखी विचार. शासकीय रोपवाटिका, कृषी विज्ञान केंद्र, माती परीक्षण प्रयोगशाळा अशा जागा तालुक्याच्या आसपासच असतात आणि तेथे तुझ्या विषयाचे खरे काम असते.

परीक्षांचे वेळापत्रक हा आपल्याकडचा जुनाच त्रास आहे. विद्यापीठाची परीक्षा मे महिन्यात लांबली की प्रकल्पाची तारीख हुकते. निवड झाल्याबरोबर मार्गदर्शकाला परीक्षेच्या संभाव्य तारखा कळवाव्यात. वेळेत सांगितले तर बहुतेक जण तारखा पुढेमागे करून देतात.

शेवटी एक प्रश्न. तुमच्या विभागात जुन्या हर्बेरियमचे कपाट आहे का? महाविद्यालय चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे असेल तर बहुधा असेल आणि बहुधा कुलूपबंद असेल. किल्ली मागून ते उघड. तेव्हाच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या वनस्पतींच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात नाव, ठिकाण आणि तारीख लिहिलेली असते. फुलावर असलेली वनस्पती कोणत्या तारखेला कोठे मिळाली याची ती नोंदच आहे. तीच वनस्पती त्याच ठिकाणी यंदा केव्हा फुलते, हे पाहण्यासाठी तुला वही आणि पाय यांखेरीज काही लागणार नाही. मात्र अभयारण्यात किंवा राखीव वनात वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही तोडू नकोस. छायाचित्र आणि नोंद पुरेशी आहे.


उत्तर : एक पालक, सांगली

त्या २,९९९ रुपयांविषयी लिहितो, कारण आमच्या घरी हे घडून गेले आहे. माझ्या मुलाने अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला अशाच एका कंपनीला ३,५०० रुपये भरले. महिनाभरात त्याला पाच चित्रफितींचे दुवे आले, त्या सर्व फुकट उपलब्ध असलेल्याच होत्या. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी झाली आणि प्रमाणपत्र आले. त्यावर इंटर्नशिप सुरू झाल्याची तारीख त्याने पैसे भरले त्याच्या तीन आठवडे आधीची होती. त्याने ते कळवले, तर हवी ती तारीख सांगा, बदलून देतो, असे उत्तर आले. ते उत्तर मी वाचले तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्या कागदाला काही अर्थ नाही. पुढे एका मुलाखतीत त्याला त्या महिन्यात नेमके काय केले असे विचारले आणि त्याला सांगता आले नाही. घरी येऊन तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

काम शिकवण्यासाठी शुल्क घेणारे सर्वच फसवे असतात असे मी म्हणणार नाही. तो प्रशिक्षणवर्ग झाला आणि त्याला तेच नाव द्यावे. पण इंटर्नशिप म्हणवून विद्यार्थ्याकडूनच पैसे घेत असतील तर तुमचे काम कोण पाहणार, त्याचे नाव काय, ते काम पुढे कोणाच्या उपयोगी पडणार, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर टाळले तर पैसे भरू नका. ज्या मैत्रिणींनी आधीच भरले आहेत त्यांना कोणी टोचून बोलू नका, आमच्या मुलाला तेच सर्वांत जास्त लागले होते.


उत्तर : मोडीवाचक

खोलीसोबतीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीने आधी मोडी शिकावी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा मराठी कारभार मोठ्या प्रमाणावर मोडीत आहे, पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात न वाचलेली कागदपत्रे ढिगाने आहेत आणि ती वाचू शकणारी माणसे थोडी आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग वेळोवेळी घेत असते. कोल्हापूरलाही पुराभिलेखागार आहे. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ ची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. येथे विज्ञानासारखी ठरावीक उन्हाळी योजना शोधत बसू नये. महाविद्यालयाचे पत्र घेऊन जावे आणि सूची करणे, कागदांचे वर्गीकरण करणे असे काम मागावे. मी असेच सुरू केले. पहिल्या महिन्यात माझ्याकडून दिवसाला अर्धे पान वाचून होत असे, आणि एकदा तर आकडा चुकीचा लावल्यामुळे धान्याच्या हिशेबाचा आख्खा कागद मी उलटा समजलो होतो. आता वळण पाहून लिहिणारा कारकून तोच की दुसरा, हे सांगता येते.


कोयनाकाठ (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. पैसे भरलेले नाहीत. समन्वयकांना विचारले, बाहेरच्या अशा प्रमाणपत्राला ते ऑन जॉब ट्रेनिंग म्हणून मान्यता देणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. खोलीसोबतीने मोडीची बाराखडी उतरवून भिंतीला लावली आहे.

सर, आमच्याकडे कपाट आहे. किल्ली प्रयोगशाळा सहायकांकडे होती आणि ते म्हणाले की त्यांच्या काळात कोणी मागितली नव्हती. आमच्या बाईंसमोर कपाट उघडले. १९७४ ते १९८६ या काळातील २१४ कागद निघाले. काही वाळवीने खाल्ले आहेत, काहींवर नुसते नाव आहे. तारीख आणि ठिकाण दोन्ही नीट वाचता येतात असे ६१ आहेत. त्यांतील १९ ठिकाणे आमच्या गावापासून चालत जाता येतील इतकी जवळ आहेत. एका कागदावर तेरडा आहे. कोयनेच्या रस्त्याकडेला मिळाल्याची नोंद आणि १९७९ मधील सप्टेंबरची तारीख आहे, आणि पाकळीचा रंग गेला असला तरी खालची बाकदार सोंड अजून शाबूत आहे. त्याच रस्त्याने मी रोज महाविद्यालयात जाते. बाई दर दुसऱ्या शनिवारी वही पाहणार आहेत आणि त्यांनीही स्वतःसाठी त्या शिष्यवृत्तीची माहिती मागितली आहे. हे ६१ कागद घेऊन आविष्कारला जाता येईल का आणि अकादमीच्या अर्जात हेच लिहावे का, एवढे सांगावे.


उत्तर : तरवड

दोन्हींचे उत्तर हो. अर्जात ६१ पैकी १९ हा आकडा आणि ते १९ कसे निवडले, हे अवश्य लिहा. एका वर्षाच्या नोंदीवरून फुलण्याचा काळ बदलला असा निष्कर्ष मात्र काढू नका, कारण पाऊस दरवर्षी पुढेमागे होतो आणि गोळा करणाराही वनस्पती फुलली त्याच दिवशी तेथे गेला होता असे नाही. ही मर्यादा तुम्ही आपण होऊन लिहिलीत तर वाचणाऱ्याचा विश्वास वाढेल. नावांची खात्री करण्यासाठी पुण्याला भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था येथे हर्बेरियम आहेत. बाईंच्या पत्रासह आधी कळवून जा. प्रत्येक कागदाचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या आणि नोंदपट्टीचे वेगळे घ्या.

आणि हे आजच करा : त्या कागदांना हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, नंतर हात साबणाने धुवा. त्या काळी कीड लागू नये म्हणून वनस्पती मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून काढत आणि तो विषारी पारा इतक्या वर्षांनीही कागदावर राहिलेला असतो. कपाट उघडताना जे जे तेथे होते त्या सर्वांना, विशेषतः सहायकांना, हे सांगा.